कंट्रोलरकाकांचा बुधवार

वाट कशी पाहावी हे अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकाच माणसाला कळलेलं आहे आणि तो माणूस आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करते आहे. तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. वाट पाहणारी माणसं मला धड्यांत आणि कवितांत पायलीला पन्नास भेटली. पण त्यांनी वाट पाहताना जेवण तरी टाकलेलं असतं नाहीतर झोप तरी उडवलेली असते. आमचे कंट्रोलरकाका वाट पाहताना दाढी करतात, बुटांना पॉलिश करतात आणि वेळेवर पानावर बसतात. त्यांची सगळी नोकरी पनवेल स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. कोकणात उतरणाऱ्या आणि कोकणातून वर येणाऱ्या गाड्या या क्षणी कुठे आहेत, हे खिडकीत बसून लोकांना सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली आणि विचुंब्याला आमच्या बिल्डिंगमध्ये येऊन बारा, पण चर्चमध्ये काय आणि वाण्याकडे काय, सगळे त्यांना कंट्रोलरच म्हणतात. त्यांचं खरं नाव आमच्या पाळकसाहेबांनाही मंडळीच्या यादीत शोधावं लागतं.

काकांची सगळ्यात जुनी खोड अशी की ते कुणालाही कशाचीही वेळ सांगत नाहीत. गाडी कुठे आहे ते सांगतील, कधी येईल ते नाही. स्टँडवर कुणी खिडकीत डोकं घालून विचारलं, "साहेब, महाडची कधी येणार?" की काका फोन लावून चौकशी करायचे आणि सांगायचे, "वडखळ सोडलंय." माणूस हटून बसला, "अहो, अंदाजे तरी सांगा," तर चष्मा काढून म्हणायचे, "अंदाजे सांगितलं की तुम्ही चहाला जाणार. तुम्ही चहाला गेलात की गाडी येणार. इथेच बसा." एकदा एक नवरदेव मुंडावळ्या बांधून खिडकीशी उभा राहिला होता. तो मित्राच्या मोटरसायकलवरून पुढे आला होता आणि एसटीने निघालेलं त्याचं सगळं वऱ्हाड कर्नाळ्याच्या वळणावर उलटलेल्या ट्रकमागे अडकलं होतं. मुहूर्त टळत आला होता, पोरगा रडकुंडीला आला होता. काकांनी त्यालाही "कर्नाळा अजून सोडलेलं नाही" यापलीकडे एक अक्षर सांगितलं नाही, मात्र आपली खुर्ची त्याला दिली आणि पंखा त्याच्या तोंडाकडे वळवून दिला. निवृत्तीनंतरही तेच चालू आहे. मी गॅलरीतून विचारते, "काका, सिलिंडर कधी येतोय?" आणि काका रस्त्याकडे बघून सांगतात, "टेम्पो शाळेपाशी आहे, बाई."

रविवारी चर्चमध्ये तर त्यांचा उत्साह बघण्यासारखा असतो. उपासनेच्या अर्धा तास आधी ते फाटकाशी उभे राहतात आणि शिट्टी वाजवत लोकांच्या स्कूटर मागे घ्यायला लावतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे भाकर आणि प्याला घ्यायला सगळ्यांनी ओळीने पुढे जायचं. आत पेटी मंद सुरात वाजत असते, माणसं डोळे मिटून आपापली पापं आठवत असतात आणि मागून काकांचा स्टँडवरचा आवाज येतो, "तिसरा बाक, तिसऱ्या बाकवाल्यांनी पुढे यावं. लहान मुलांना हाताशी धरावं." पाळकसाहेबांनी त्यांना दोन-तीनदा समजावून पाहिलं. मग एका महिन्यात काका तापाने पडले, मधल्या वाटेत शंभर माणसांची अशी कोंडी झाली की दोन म्हाताऱ्या भाकर न घेताच घरी गेल्या आणि त्यानंतर पाळकसाहेबांनी तो विषय काढला नाही.

असा हा माणूस जगाच्या शेवटाची तारीख सांगणाऱ्यांना किती जुमानणार ते तुम्हीच ठरवा. आणि तारीख सांगणारे आमच्याकडे अधूनमधून येतच असतात. काकांच्या हिशेबाने त्यांच्या हयातीत जग सहा वेळा बुडालं: एकदा ग्रहण लागलं म्हणून, एकदा ग्रह एका रांगेत आले म्हणून, एकदा दोन हजार साल उजाडलं म्हणून, आणि बाकीचं असंच. काही वर्षांपूर्वी एक पाहुणे उपदेशक आमच्या घरच्या प्रार्थनासभेला आले होते. त्यांनी पवित्र शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकातली शिंगं, डोकी आणि शिक्के यांची बेरीज-वजाबाकी करून साल आणि महिना फळ्यावर लिहिला. बायकांचे चेहरे उतरले. काकांनी हात वर केला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "साहेब, आपण कोणत्या डेपोत होता?" पाहुण्यांना काही कळेना. काका म्हणाले, "नाही, गाडी कधी सुटणार हे डेपोलाच ठाऊक असतं म्हणून विचारलं. आणि इथे तर मालकाच्या मुलानेच, खुद्द प्रभूने, सांगून ठेवलंय की वेळ मलाही ठाऊक नाही, फक्त बापाला ठाऊक आहे. तुम्हाला बरी मिळाली." पाहुण्यांनी नाश्ता न घेता रजा घेतली. त्या दिवशी मी काकांवर फार खूश होते. आमच्या मंडळीत तेव्हापासून कुणी तारीख आणली की सगळे काकांकडे वळून बघायचे आणि काका डेपोचा प्रश्न विचारायचे. प्रभू पुन्हा येणार, याबद्दल मात्र त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती. "गाडी येणारच," ते म्हणायचे, "पिशवी आवरून ठेवा आणि वेळ विचारू नका."

सातव्या वेळेला मात्र त्यांना हा प्रश्न विचारता आला नाही, कारण या वेळी तारखेवर विश्वास ठेवणारी व्यक्ती त्यांच्याच घरात होती.

काकूंची किडनी गेली होती. दोन वर्षं दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी काका त्यांना रिक्षाने डायलिसिसला नेत. चार-चार तास त्या खुर्चीत पडून राहायच्या, आणि शेजारच्या खुर्चीतल्या बाईने त्यांना मोबाइलवरच्या एका उपदेशकाची ओळख करून दिली. या गृहस्थांनी गेल्या मे महिन्यातला एक बुधवार पक्का केला होता. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत शेवटचा कर्णा वाजेल आणि विश्वास ठेवणारे सगळे एकदम वर घेतले जातील, असं ते रोज नवा शर्ट घालून सांगायचे. दूर कुठेतरी युद्ध चालू होतं, उन्हाळा नुसता भाजून काढत होता, नव्या विमानतळाची विमानं डोक्यावरून इतकी खालून जायला लागली होती की भांडी हलायची. माणसं घाबरायला तयारच होती. आमच्या मंडळीतल्या एका कुटुंबाने फ्रिजमधलं सगळं मटण मंगळवारीच शिजवून संपवलं. मी स्वतः सुशिक्षित बाई, वर्तमानपत्र वाचणारी, पण खरं सांगायचं तर त्या बुधवारी सकाळी मीही गुरुवारसाठी मूग भिजत घातले नाहीत. डब्याचं झाकण उघडलं, थोडा वेळ मुगांकडे पाहिलं आणि झाकण परत लावलं.

पण काकू घाबरलेल्या नव्हत्या, हे मला आधीच्या आठवड्यात कळलं. आमच्या बिल्डिंगच्या मागे पाटलांचं घर आहे, गावातलं जुनं आगरी घर. पाटलीणबाई जिन्यात काकूंना हळदीचं बोलावणं करायला आल्या. "काकू, आमचे पोरीची हलद हाय बुधवारी. तुमी दोगांनी याचा हां, नाय बोलाचा नाय." काकू हसून म्हणाल्या, "बुधवारी आम्ही नसू गं." "कंच्या गावाला चालल्या?" "लांब," काकू म्हणाल्या. पाटलीणबाईंनी त्यांच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आशा अंगानी कशाला लांब जाताव? मी ताट धारीन तुमचे घरी पोराचे हाती." काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. निरोप घ्यावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

रविवारी रात्रीच्या जेवणाआधी समोरच्या घरातून मोठमोठ्याने आवाज आले. बारा वर्षांत मी ते पहिल्यांदाच ऐकले. काकू बुधवारच्या डायलिसिसला येणार नाही म्हणत होत्या. शेवटच्या दिवशी हातात सुया खुपसून घ्यायच्या नाहीत, घरी बसून वाट पाहायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. एक डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साठतं, छातीत भरतं आणि माणूस गुदमरतो, हे डॉक्टरांनी काकांना बजावून सांगितलेलं होतं. काका समजावत होते, चिडत होते. दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले. म्हणाले, "बाई, मी हॉस्पिटलात बोलून आलो. बुधवारऐवजी गुरुवारी सकाळची पहिली खुर्ची राखून ठेवलीय. डॉक्टर म्हणाले, एक दिवस निभेल, पाणी मोजून द्या. तिला सांगू नका." मी विचारलं, "काका, तुम्हाला खरंच वाटतं का, काही होणार नाही?" ते म्हणाले, "बुधवारची गाडी आली तर खुर्ची रिकामी राहील, कुणाचं काही बिघडत नाही. नाही आली तर ती स्टँडवर अडकून पडायला नको."

बुधवारी सकाळी काकूंनी मला साडी नेसवायला बोलावलं. कपाटातून त्यांनी लग्नातली पांढरी साडी काढून ठेवली होती. डांबरगोळ्यांचा वास होता तिला. काकू इतक्या वाळल्या होत्या की निऱ्या नेहमीपेक्षा तीन-चार जास्त आल्या. मी त्या खोचत असताना त्या म्हणाल्या, "तुला मी वेडी वाटत असेन." मी नाही म्हणाले. "अगं, मला मरणाची भीती नाही. प्रभूकडेच जायचं आहे, परक्याकडे थोडंच? पण यांना मागे ठेवून जायचं म्हटलं की जीव कासावीस होतो. आम्हाला ना मूल ना बाळ. यांना अजून कुकर लावता येत नाही, स्वतःचे मोजे सापडत नाहीत. सगळे एकदम गेलो तर प्रश्नच मिटला ना?" इतके दिवस मी त्यांची समजूत कशी घालावी याचा विचार करत होते, आणि समजूत घालण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतंच. त्यांचं फक्त नवऱ्यावर प्रेम होतं.

काकांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला, गुळगुळीत दाढी केली आणि काकूंच्या शेजारी सोफ्यावर जाऊन बसले. मीही तिथेच होते, कारण घरी एकटीने बसायची मला हिंमत नव्हती. दुपारपर्यंत दोघांनी मिळून स्तोत्रं म्हटली. दर दीड तासाने काका चमच्याने मोजून पाणी पाजत. विमान गेलं की मी वर बघायची आणि काकू हसायच्या. चार वाजून गेले असतील. ऊन मागच्या भिंतीवर आलं होतं. तेवढ्यात खालून एक सूर उठला. एकच, लांब, चढत जाणारा सूर. ना ढोल, ना ताशा. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. काकूंनी डोळे मिटले आणि काकांचा हात दोन्ही हातांत धरला. "अहो, आला," त्या म्हणाल्या. इतका शांत आवाज मी त्यांच्या तोंडून वर्षभरात ऐकला नव्हता.

काका उठले. त्यांनी हात सोडवून घेतला आणि गॅलरीत गेले. मीही त्यांच्या मागे गेले. खाली जिन्याच्या सावलीत पाटलांच्या हळदीला आलेला बँड बसला होता. लाल कोट काढून ठेवलेला एक जाडा माणूस डोळे मिटून ट्रम्पेटचा सूर लावत होता आणि बाकीचे सरबत पीत होते. मी काकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता यांनी काही बोलू नये. ती बाई आत सुखात आहे, तासभर तरी राहू दे. पण काका आत गेले, सोफ्याशी खाली बसले आणि म्हणाले, "हळदीचा बँड आहे गं. पाटलांच्या मुलीची हळद आहे आज." काकूंनी डोळे उघडले. आधी त्यांना कळलं नाही, मग कळलं, आणि मग त्या लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. "मग मी तुम्हाला सोडून जाणार," त्या म्हणाल्या. काकांनी त्यांचे पाय मांडीवर घेतले. सुजलेल्या पायांवरून हात फिरवत ते सावकाश बोलले, "हो. तू आधीच्या गाडीने जाशील. म्हणून काय आपलं गाव बदलतं? मी मागच्या गाडीने येतो. तिकीट दोघांचंही काढलेलं आहे, आणि ते आपण काढलेलं नाही. ज्याने काढलं त्याने फार सोसून काढलंय. तो एकाला उतरवून देणार नाही." खाली बँड सुरू झाला, सूर्य मावळला. दिवेलागणीला पाटलीणबाईंनी वडे-मटणाची दोन ताटं पाठवली. काकूंना त्यातलं काही चालणारं नव्हतं, तरी त्यांनी काकांची नजर चुकवून अर्धा वडा खाल्लाच. गुरुवारी सकाळी त्या पहिल्या खुर्चीत जाऊन बसल्या. मी घरी आले आणि मूग भिजत घातले.

काकू त्यानंतर अडीच महिने होत्या. त्या अडीच महिन्यांत त्यांनी काकांना स्वयंपाक शिकवला. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून त्या बसायच्या आणि काका चष्मा कपाळावर चढवून कुकरसमोर उभे असायचे. "तिसरी शिट्टी कधी होणार?" काका विचारायचे. "अंदाजे सांगणार नाही, इथेच उभे राहा," काकू म्हणायच्या आणि दोघंही इतकी हसायची की मला माझ्या घरात ऐकू यायचं. वरण, भात, मेथीची भाजी आणि बरी म्हणावी अशी भाकरी एवढं काकांना यायला लागलं, आणि एका सकाळी काकू झोपेतच गेल्या. मीच त्यांना ती पांढरी साडी पुन्हा नेसवली. दफनभूमीत पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. काका शेवटचा माणूस फाटकाबाहेर पडेपर्यंत तिथेच उभे होते.

परवाच्या रविवारी उलव्याहून नव्याने यायला लागलेल्या एका चाळिशीच्या गृहस्थाने उपासनेनंतर उभं राहून नवी तारीख सांगितली. मोबाइल उंच धरून तो कळकळीने बोलत होता, कपाळावर घाम होता. सवयीप्रमाणे सगळी मंडळी काकांकडे वळली. काहींनी हसायची तयारीही केली होती. काका उठले, त्याच्याजवळ गेले, त्याला मागच्या बाकावर घेऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाबा, तुझ्या घरी कोण आजारी आहे?" मग त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणाला, "वडील." पुढचा अर्धा तास तो वडिलांबद्दल बोलत होता आणि काका ऐकत होते. कोणत्या हॉस्पिटलात आहेत, कितवा मजला, काय खातात, एवढंच ते मधूनमधून विचारत होते.

घरी परतताना मी त्यांना म्हटलं, "डेपोचा प्रश्न नाही विचारलात आज." काकांनी आधी मला रस्ता ओलांडून दिला. मग म्हणाले, "बाई, त्या बुधवारी सूर आला ना, तेव्हा सोफ्यावरून उठून मी गॅलरीत गेलो. आठ पावलं आहेत. ती आठ पावलं मी म्हणत होतो, प्रभू, माझं सगळं खोटं ठरू दे, एवढं एकदा त्या मोबाइलवाल्याचं खरं होऊ दे." इतकी वर्षं मी काकांचा विश्वास पाहत आले, त्याचं कौतुक करत आले, आणि मनातल्या मनात मला तो नेहमी थोडा सोपा वाटत आला होता. त्या आठ पावलांनंतरही आत जाऊन त्यांनी तिला खरं सांगितलं, हे कळल्यापासून मला तो सोपा वाटत नाही.